कागदी कॉकपिट

शारजात, अल नहदाच्या सातव्या मजल्यावर
परकारांच्या हॉलमध्ये प्लायवूडचं पार्टिशन,
पार्टिशनवर चिकटवलेलं कॉकपिट,
चार तुकड्यांत छापून आणलेलं.
डोक्यावरचं पॅनेल छताला टिकेना
म्हणून ते पंख्याच्या बटणांशेजारी.

दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. डावी रिकामी.
उजवीत मी, दोनशे बारा तासांची वैमानिक,
कागदाचं बटण दाबते
आणि दिवा लागल्याचं तोंडाने सांगते.
झुबेदाचाची दारात थबकते,
'मंतर म्हणतंस काय गो?'
तसंच काहीसं, चाची.

आम्हाला मिळतो रात्री दोन ते सहाचा स्लॉट.
हैथम खाली गाडी लावून थांबतो.
इत्तिहाद रोडभर आम्ही एकमेकांना विचारत जातो
धूर आला तर काय, दाब गेला तर काय.
त्याच्या इंग्रजीत ओमदुर्मान, माझ्यात इचलकरंजी,
आणि मध्ये दोघांनाही न आलेली झोप.

मग ती सहा पायांवरची पांढरी पेटी.
पूल वर उचलला जातो.
आत मस्कतची धावपट्टी, रात्र, थोडं धुकं,
सगळं कॅप्टन घस्सानच्या बोटाखाली.

वी-वन हा एक वेग आहे.
त्याच्या आत असाल तर थांबा.
तो ओलांडलात की काहीही जळो, काहीही ओरडो,
उडायचंच.
मी हे फोनवर आईला समजावत होते.
ती म्हणाली, 'म्हणजे अक्षता पडल्या.'
कुठल्याही मॅन्युअलात इतकं नेमकं लिहिलेलं नाही.

डावं इंजिन गेलं.
नाक डावीकडे ओढलं गेलं, आणि माझा पाय,
आज्ञाधारक, मूर्ख,
डावाच दाबला गेला.
पडदा लाल. सगळं गोठलेलं.
घस्सानने कॉफीचा घोट घेतला.
'पुन्हा.'

त्या रात्री मी पाच वेळा मेले.
हैथम शेजारी बसून पाचही वेळा मेला
आणि एकदाही तक्रार केली नाही.

सहाव्यांदा मी बघणं थोडं कमी केलं.
आमच्या शेडमध्ये धागा तुटला
की बाबा मान वर न करता उठायचे,
चोवीस मागांतला नेमका तोच माग गाठायचे.
आवाज बदलायच्या आधीच
त्यांच्या तळपायाला कळायचं, असं ते सांगायचे.
मला ते फुशारकी वाटायचं.
उजवा पाय. हळू. अजून.
पट्टी मधोमध राहिली, मग खाली गेली.
घस्सान काहीच बोलला नाही. ते पुरलं.

पण एअर सिस्टिम डोक्यात शिरेना.
इंजिनातून दोनशे डिग्रीची हवा घ्यायची
आणि प्रवाशाच्या गालावर गार सोडायची, कशी?
आकृतीत बाण होते, अर्थ नव्हता.
परकारचाचा कामावरून आले,
खांद्यावर गेजच्या लाल-निळ्या नळ्या,
दिवसभर कुणाच्या तरी गच्चीवर सत्तेचाळीस डिग्रीत.
पुस्तकावर वाकले. 'ह्यो तर एसीच हाय.
गॅस नाही, एवढाच फरक. हवेलाच दाबायची,
गरमी बाहेर फेकायची, मग मोकळी सोडायची.
मोकळी सुटली की ती आपोआप गार पडते.
माणूस पण तसाच. घामेजून घरी येतो
आणि बनियनवर बसला की...'
वाक्य तिथेच सोडून ते डाव्या खुर्चीत बसले.

तेव्हापासून चेकलिस्ट तेच वाचतात,
एकेक अक्षर लावत, चष्मा नाकाच्या टोकावर.
मी चुकले तर थांबतात.
दाभोळहून पहिल्यांदा आले तेव्हा
खिडकीची जागा होती, म्हणतात,
पण पट्टा कसा सुटतो ते विचारायची लाज वाटली
म्हणून सगळे उतरेपर्यंत बसून राहिलो.

उद्या परीक्षा आहे.
खरं विमान मी अजून हाताळलेलं नाही,
ते रोज या इमारतीवरून चाकं सोडून जातं
आणि दोरीवरची चादर हलते.

कागदावर फक्त एकच बटण मळलंय,
पॅक वन.
त्यावर ग्रीसचा ठसा आहे,
माझ्या बोटापेक्षा दुप्पट रुंद.